अर्धा निरोप

१

महांतेश शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कोअर करायचा. कोअर म्हणजे वाळूचा गाभा. पंपाच्या पोटात पोकळी पाहिजे असली, की तिथं आधी वाळूचा गाभा बसवायचा आणि भोवतीनं लोखंडाचा तापलेला रस ओतायचा. गार झाल्यावर गाभा ठोकून ठोकून बाहेर काढायचा. वाळू जाते, पोकळी राहते. पंप पुढं कुठंही जावो, गाभ्याची आठवण कुणी काढत नाही. महांतेशला त्याचं काही वाटायचं नाही. माणूस शांत होता. आपलं काम बरं आणि आपण बरं.

सकाळची पाळी सुटली की तो मोटरसायकल काढून कळंब्याला घरी यायचा. दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीतनं तलावाचा एक तुकडा दिसायचा. घरात माणसं तीन. तो, त्याची आई गौराबाई आणि बायको वर्षाराणी. गौराबाईला सगळे अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणत. वर्षाराणी राजारामपुरीत एका क्लासच्या ऑफिसात कामाला होती, आणि क्लासची गर्दी संध्याकाळची, त्यामुळं तिला यायला दिवेलागण टळून जायची. मूलबाळ नव्हतं. तेवढ्या वेळात अव्वा स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसायची आणि महांतेश मागच्या खोलीत खुर्चीवर.

त्याच्या मनात एक बारीक सल होता. त्याचं गाव सीमेवरचं, घरची बोली कानडी. मराठी तो चांगली बोलायचा, पण शब्दाच्या शेवटाला जिभेवरचा हेल काही जायचा नाही. इतकी वर्षं कोल्हापुरात काढली, तरी चहाच्या गाड्यावर कुणी नवीन भेटला की विचारायचा, "पावणं, गाव कुठलं म्हणायचं?" कोल्हापूरचा माणूस अनोळख्याला पावणंच म्हणतो, आणि ते प्रेमानं म्हणतो. महांतेशला ते कळायचं. पण पाहुणा म्हटलं की त्याचं जाणं आलंच. आपल्याला कुणी पावणं म्हणू नये, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. फार मोठी नव्हती, बघा.

सकाळी कामाला निघताना तो दारातनं म्हणायचा, "अव्वा, होगि बर्तेन." अव्वा पाठ न वळवता म्हणायची, "होगि बा, तम्मा." तम्मा म्हणजे खरं तर धाकटा भाऊ, पण त्या भागात आया लेकालाही लाडानं तेच म्हणतात. आणि होगि बा म्हणजे जा आणि ये. मग तो दार ओढायचा. दार खालनं फुगलेलं होतं, अडकायचं. पायाच्या अंगठ्यानं जरासं उचललं तरच लागायचं.

२

फाउंड्रीतल्या पोरांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकली. खाली एवढंच लिहिलेलं: 'गावात या. बोलायला माणसं हायत.'

महांतेशनं कानाला हेडफोन लावला आणि लिंक दाबली. वाटलं होतं मारामारीचा खेळ असेल. पण पडदा काळा. चित्र नाही, काही नाही. नुसते आवाज. आवाजातच एक गाव मांडलेलं. कुणी गिरणीवाला झालेलं, कुणी सुईण झालेली. ज्यानं त्यानं आपलं सोंग घ्यायचं आणि तोंडानं गाव चालवायचं. कुणी म्हणालं, 'मी विहिरीवर पाणी भरतोय,' की तो पाणी भरतोय असं सगळ्यांनी धरायचं. खेळ चालवणारी होती आक्का. वय झालेला, सावकाश आवाज. ऐकताना वाटावं, बाई शेजारीच बसून शेंगा फोडतीया.

"नेम एकच हाय बघा," आक्का म्हणाली. "हितं बोललं ते झालं. मागनं फिरवायचं न्हाय."

"आणि मी कोण व्हायचं?" महांतेशनं विचारलं.

"तुमी पावणं."

महांतेशच्या मनात आलं, हितंबी तेच!

तेवढ्यात एक जाड आवाज हसला. हा गणपतराव, गिरणीवाला. "तोंड बारीक करू नगा. नवं येतंय ते पावणंच असतंय. मीबी वेशीवरच्या कट्ट्यावर बसूनच काढलं की दिवस. आता गिरण चालवतोय. दळण आणा एकदा."

"आणू नगा हो," सुईणीचा आवाज मधे आला. तिचं नाव राजनंदिनी. "ह्याच्या गिरणीत पायली टाकली की निम्मं पीठ मिळतंय. माणूस टाकला तर माणूसबी निम्माच बाहीर पडंल."

"मग मला घालू नका," महांतेश म्हणाला. "मी आधीच बारीक आहे."

आणि सगळे हसले. अगदी मनापासनं. कंपनीत महांतेशला आपला विनोद दोनदा सांगावा लागायचा, आणि दुसऱ्यांदा सांगितलेल्या विनोदाला कोण हसतं? इथं सगळे त्याचं वाक्य पुरं होईस्तोवर थांबले होते. त्याच्या हेलाला कुणी हसलं नाही. उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यावं तसं त्याला झालं.

उठताना तो सवयीनं म्हणाला, "बरं, येतो."

"या," सगळे एका सुरात म्हणाले.

स्वयंपाकघरात अव्वा भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली. "कुणाला रे येतो म्हणालास?"

"मित्र आहेत अव्वा. फोनवरचे."

"नुसतं येतो? आपल्यात होगि बर्तेन म्हणत्यात. जाऊन येतो. जायाचंबी सांगायचं आन् परत यायाचंबी सांगायचं. ही मराठी मानसं अर्धाच निरोप घेत्यात."

"मराठीत जातो म्हणू नये अव्वा. अशुभ असतं."

"नको म्हणू. पर कुठनं निघालास आन् कुठं येतोस, त्ये ऐकनाऱ्याला तरी कळू दे!"

महांतेश हसला. म्हाताऱ्या माणसाला शब्दाचं काय असतं न् काय नसतं.

३

रोज संध्याकाळी तो गावात जाऊ लागला. कट्ट्यावर बसायचा. गणपतराव तंबाखू मळत आहे असं म्हणायचा आणि महांतेश हात पुढं केला असं म्हणायचा. राजनंदिनी कुणाच्या घरी पाळणा हलला ते सांगायची. एक दिवस उशीर झाला तर आक्का म्हणाली, "पावणं आज दिसलं न्हाईत, म्हणून मी दिवा लावायची थांबले हुते." आपल्यासाठी कुणी दिवा लावायचा थांबलं!

वर्षाराणीच्याही ध्यानात आलं. जेवताना ती म्हणाली, "काय वो, हल्ली गालातल्या गालात हसताय. कंपनीनं साहेब केलं काय?"

"साहेब कुठला. गावकरी करायला लागलेत."

"कुठल्या गावचं?"

त्याला गावाचं नाव सांगता येईना. त्यानं ते कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बसल्यावर आक्का म्हणाली, "पावणं, किती दिवस वेशीवर बसणार? तुमाला घर पायजे. घर असल्याबिगर मानूस गावाचं हुईत न्हाय. सांगा, कसं हाय तुमचं घर?"

इतरांनी आपापली घरं कशी झकास सांगितली होती. कुणाला माडी, कुणाला दारात आंबा. महांतेशला तसलं सुचायचं नाही. तो आपला डोळ्यासमोर होतं तेच सांगत गेला. स्वयंपाकघर लहान आहे. नळ ठिबकतो, वॉशर घातला तरी ठिबकतोच. म्हणून खाली स्टीलची वाटी ठेवलेली असते, आणि वाटी भरत आली की आवाज बदलतो.

"ठिबकू दे की," आक्का म्हणाली. "ठिबकणारा नळ म्हंजे घरात मानूस असल्याची खूण. झालं. दिला."

त्या रात्री महांतेश जेवून हात धुवायला गेला. वाटी कोरडी होती. नळ ठिबकत नव्हता.

वर्षाराणी म्हणाली, "बरं केलंसा प्लंबर बोलवून. महिनाभर मागं लागले हुते."

"मी कुठं बोलवला?"

"मग अव्वांनी बोलवला असंल."

अव्वा नाही म्हणाली. पण नळ बंद झाला म्हणून कुणी काळजी करतं का? पाण्याचा दाब कमी झाला असेल, त्यानं ठरवलं. झोपला. फक्त एक झालं. त्या ठिबकण्याची कानाला इतकी सवय होती, की घर उगीच मोठं, रिकामं वाटायला लागलं.

४

मग दाराचं झालं.

गावात गणपतराव म्हणाला, "नळ दिलासा, पर घराला दार तरी हाय का न्हाय? का मांजरावानी खिडकीतनं शिरताय?" सगळे हसले, आणि हसण्याच्या भरात महांतेशनं दार सांगितलं. खालनं फुगलेलं, अंगठ्यानं उचलावं लागणारं.

सकाळी कामाला निघताना त्यानं सवयीनं अंगठा लावला, आणि तोल जाऊन भिंतीवर आदळला. दार अलगद, पिसासारखं लागलं होतं. कानाकोपऱ्यात कुठं घासत नव्हतं. तो तिथंच उकिडवा बसून दाराची खालची कड बघत राहिला. रंधा मारल्याची खूण नव्हती. पूर्वीचा घासून घासून उडालेला रंगसुद्धा आता जाग्यावर होता.

लाकूड आहे, तो मनाशी म्हणाला. हवा कोरडी झाली की आटतं. रंगाचं म्हणशील तर तू तरी रोज कुठं वाकून बघत होतास?

मन असं असतं बघा. घाबरलेल्या पोराला बाप समजावतो तसं स्वतःच स्वतःला समजावत बसतं.

त्या संध्याकाळी तो गावात बसला होता. राजनंदिनी काहीतरी सांगत होती. तिच्या बोलण्याच्या मागं, लांब कुठंतरी, त्याला आवाज आला.

टप्.

मग थोड्या वेळानं पुन्हा. टप्. वाटीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज. वाटी भरत आली होती. आवाज जाड होत चालला होता.

महांतेश कानाला हेडफोन तसाच ठेवून उठला आणि स्वयंपाकघरात गेला. अव्वा खिडकीपाशी माळ ओढत बसली होती. नळ कोरडा. वाटी पालथी. त्यानं नळाच्या तोंडाला बोट लावलं. कोरडं. कानात आवाज आला, टप्. त्यानं हेडफोन कानावरनं उचलला. शांत. नुसता अव्वाच्या मण्यांचा आवाज. परत कानावर टेकवला.

टप्.

भीती म्हणावी तर ती अजून पोचलीच नव्हती. ठेच लागल्यावर कळ यायच्या आधी एक क्षण जातो ना, तसल्या क्षणात तो उभा होता. नळाकडं बघत, बोट तसंच पुढं धरून.

कानात कुणीतरी हलक्या पावलानं चाललं. वाटी उचलल्याचा आवाज झाला. पाणी ओतल्याचा झाला. वाटी परत खाली ठेवली.

"भरली हुती," आक्का म्हणाली. "मीच रिकामी केली. तुमी या निवांत."

५

त्यानंतर तो गावात गेला नाही. संध्याकाळी तलावाकडं फिरायला जायचा, कठड्यावर बसायचा. फोन घरी ठेवायचा. कानडी पोरं मासे धरायला बसलेली असायची, त्यांचं बोलणं ऐकायचा. वर्षाराणीला त्यानं सांगितलं, पण नीट सांगता आलं नाही. नळाचा आवाज फोनमध्ये गेला, हे वाक्य तोंडातनं बाहेर पडलं की कसं दिसतं?

ती म्हणाली, "फोनवर डाटा चोरत्यात ऐकलं हुतं. नळ चोरतंय हे नवीनच." मग त्याच्या तोंडाकडं बघून तिचं हसू गेलं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "बंद करा वो तसलं. मी हाय की बोलायला."

आणि त्यानं बंद केलं असतं. पण सोमवारी कंपनीच्या गेटवर वॉचमननं दांडा आडवा धरला.

"पावणं, कुणाकडं काम हाय?"

"कामावर आहे मी. कोअर शॉप."

वॉचमननं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं आपण बसमध्ये शेजारी बसलेल्याकडं पाहतो. आत सोडलं. कुणीतरी ओळखीचा मागनं आला म्हणून सोडलं. नवीन माणूस असेल, महांतेशनं ठरवलं. पण तो नवीन नव्हता. त्याच्या मुलीच्या लग्नात महांतेश जेवून आला होता. दुपारी चहाच्या गाड्यावर गाडावाल्यानं त्याला विचारलं, "पावणं, गोड का बिनसाखरेचा?" रोजचा गाडावाला, रोजचा चहा.

दिवसभर कुणी त्याला नावानं हाक मारली नाही. त्यानं मुद्दाम कान देऊन बघितलं. एकदाही नाही.

घरी आल्यावर तो खुर्चीत बसला. अव्वा झोपली होती. आणि माणूस म्हणजे काय असतं ते असंच. जिथं पोळलं तिथंच ऊब शोधतं. त्यानं हेडफोन लावला.

"आलं! आलं!" गणपतरावचा आवाज फुटला. "आक्का, आलं गं!"

"मी सांगितलं हुतं," राजनंदिनी रडल्यासारखी हसत होती. "रोज येतो म्हणून सांगून जातंय ते मानूस. शब्द मोडायचं न्हाय."

महांतेश म्हणाला, "मला एक विचारायचं आहे. माझा नळ..."

"इचार की. सगळं इचार." आक्काचा आवाज इतका मऊ, की त्याला पुढचं बोलवेना. "आधी बस. दमलायस. आज दिसभर तुला कुणी नावानं हाक मारली न्हाय. व्हय का न्हाय?"

त्याचे डोळे भरले. तिला कसं कळलं, हा विचार आला. पण आधी डोळे भरले आणि मग तो विचार आला.

"तुला आमी पावणं तरी किती दिवस म्हणायचं रं? जिवावर येतंय. घरात काय म्हणत्यात तुला? लाडाचं?"

आणि तो बोलून गेला.

"तम्मा."

मग एकेक आवाज लागला. तम्मा. तम्मा आला. ये तम्मा. बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे. तो ओळखत होता त्याहून कितीतरी जास्त आवाज, जणू कट्ट्याच्या मागं गाव पसरत पार डोंगरापर्यंत गेलं होतं आणि इतके दिवस श्वास धरून बसलं होतं. महांतेश दोन्ही हातांत तोंड धरून रडला. सुखानं रडला, खोटं कशाला बोला.

त्या आवाजांत एक आवाज अव्वाचा होता.

त्यानं हेडफोन ओढून गळ्यात टाकला.

६

दारात अव्वा उभी होती. नुकतीच उठलेली. त्याला बघून तिनं डोक्यावर पदर ओढला.

तिनं डोक्यावर पदर घेतलेला महांतेशनं फक्त परक्या पुरुषासमोर बघितला होता.

"बसा की," अव्वा मराठीत म्हणाली. बाहेरच्यांशी बोलते तसल्या, जपून टाकलेल्या मराठीत. "पाणी आणते. कुणाकडं आलायसा?"

"अव्वा."

"व्हय, समदे मला अव्वाच म्हणत्यात. बसा."

तिनं पाणी आणलं. तांब्याखाली ताटली ठेवून आणलं. पाहुण्याला देतात तसं. महांतेशनं ते हातात घेतलं आणि त्याला वाटलं, वय झालंय. झोपेतनं उठलीय. डॉक्टरनं सांगितलं होतं, या वयात असं होतं. उद्या राजारामपुरीत दवाखान्यात दाखवून आणू. त्यानं मनातल्या मनात तिला मोटरसायकलवर बसवली, वर्षाराणीला रजा काढायला लावली. तेवढ्यात वर्षाराणीच येईल. ती आली की सगळं सरळ होईल. तिची वाट बघत तो ताठ बसून राहिला. अव्वा समोर स्टूल घेऊन बसली आणि त्याच्याकडं बघून मधनंमधनं हसत राहिली. परक्या माणसाबरोबर एकटं बसताना बाई हसते, तसं.

जिना वाजला. किल्ली फिरली. दार पिसासारखं उघडलं.

वर्षाराणी दारात उभी. खांद्यावर पिशवी, हातात मेथीची पेंडी. तिनं त्याच्याकडं बघितलं. चप्पल काढता काढता तिचा पाय थांबला.

"अव्वा," ती हळू आवाजात म्हणाली, "पावणं कोण?"

त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली. भिंती जाग्यावर होत्या, ट्यूबलाइट जाग्यावर होती, आणि या सगळ्याच्या मधोमध त्याची बायको त्याच्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत तो नव्हता.

"वर्षा," तो उठला. ती एक पाऊल मागं सरली, म्हणून तो परत बसला. "वर्षा, मी सांगतो. एक एक सांगतो. तुला पटेल. आपण लग्न झाल्यावर पहिल्यांदा..."

गळ्यातल्या हेडफोनमधनं बारीक आवाज आला.

"सांग की, तम्मा," आक्का म्हणाली. "सांग. आमी ऐकतोय."

त्यानं फोन बघितला. बॅटरी संपून फोन केव्हाच बंद पडला होता. वायर लोंबत होती. हेडफोनमध्ये नळ ठिबकत होता, आणि त्याच्यामागं गाव गप्प बसलं होतं. खूप माणसं एकदम गप्प बसली की जसं ऐकू येतं, तसं.

आता त्याला कळलं. का, कसं, कोण, यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं, की मी कोण हे पटवायला जे सांगीन, ते तिकडं जाईल. लग्नानंतर पहिल्यांदा तलावावर गेलो, तेव्हा ती काय म्हणाली ते. पोर राहिलं नाही त्या दिवशी ती किती वेळ भिंतीकडं तोंड करून निजली होती ते. तिच्या उजव्या कानामागचा तीळ. नळ गेला, दार गेलं, अव्वाच्या तोंडातलं नाव गेलं. आता बोलेन ते हिच्यातलं जाईल. शेवटी तिकडं सगळी भरलेली वर्षाराणी असेल, आणि इथं ही मेथीची पेंडी धरून उभी असेल, आतनं ठोकून रिकामी केलेली.

"काय म्हणत हुता तुमी?" वर्षाराणी म्हणाली. आवाज कडक होता. "लग्न झाल्यावर काय? कुणाचं लग्न?"

"जातो!" महांतेश हेडफोन तोंडाशी धरून ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा निरोप म्हणून तो शब्द त्याच्या तोंडातनं गेला. "मी तुमच्यातनं जातो! ऐकलं का? जातो मी!"

"कुठं जातोस, लेकरा?" आक्का म्हणाली. "आपल्याच घरात तर बसलायस."

७

तो उठला. वर्षाराणी भिंतीला चिकटून उभी राहिली, त्याला वाट देत. जाताना त्याला तिच्या केसातल्या तेलाचा वास आला. ते कुठलं तेल आहे हे त्याला माहीत होतं. तो बोलला नाही. ओठ असे आवळले, की दात रुतले.

दारात तो वळला. एकच गोष्ट राहिली होती. ती त्यानं गावाला कधी सांगितली नव्हती. सांगायची सुचलीच नव्हती. रोज सकाळी श्वासासारखी होऊन जायची, म्हणून.

गळ्यातला हेडफोन त्यानं काढला, चपलांच्या फळीवर ठेवला, आणि हळूच म्हणाला, "अव्वा. होगि बर्तेन."

अव्वानं चमकून वर बघितलं. हा पावणा कानडी बोलतो! तिच्या सुरकुत्या हलल्या. ओठ उघडले. कुठंतरी खोल काहीतरी हललं, बुडालेली घागर दोराला लागावी तसं. महांतेश चौकट धरून उभा राहिला. पुढचे दोन शब्द पाहिजे होते. होगि बा. जा आणि ये. तिनं ते म्हटले, की जगातलं कुठलं गाव त्याला अडवू शकणार होतं?

"होग्री," अव्वा म्हणाली.

जा. अदबीनं, आदरानं, परक्याला म्हणतात तसं. जा.

तो थांबला. त्याला वाटलं, म्हणेल. अजून म्हणेल. म्हाताऱ्या माणसाला शब्द सापडायला वेळ लागतो. पण अव्वानं पदर सारखा केला, हात जोडले, आणि दार लागलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आतनं वर्षाराणीचं बोलणं ऐकू आलं. "कोण हुतं वो अव्वा?"

"पावणं हुतं बाळ. आपल्याच भाषेतलं. वाट चुकल्यालं दिसतंय."

"रडत हुतं का?" पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. "मला का रडू येतंय?"

महांतेशनं दाराला तळहात लावला. काढला. जिना उतरू लागला. आपण सांगितलं नाही. तेवढं तरी तिच्याजवळ राहिलं. हे तो मनाशी म्हणत होता, पायरीगणिक म्हणत होता, आणि बराच उतरल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की दुसऱ्या मजल्याला इतक्या पायऱ्या नाहीत.

खालनं ओल्या मातीचा, चुलीचा वास येत होता. कुठंतरी गिरण चालू होती.

जिना वळला आणि समोर दार आलं. खालच्या कडेचा रंग घासून घासून उडालेला. दार जरासं किलकिलं होतं. फटीतनं एवढंच दिसलं, की कुणीतरी पाठमोरी बाई नळाखालची वाटी बदलत होती, आणि तिच्या पदराचा काठ ओळखीचा होता. ती वळली नाही. तिला वळायची गरजच नव्हती. लेक रोज घरी येतो तेव्हा कोण वळून बघतं?

"आलास व्हय, तम्मा?"

महांतेशनं दार ढकललं. अडकलं. त्याच्या पायाच्या अंगठ्याला सवय होती, त्यानं दार जरासं उचललं.